चासीचा सडलेला तुकडा बदलला तर गाडी ‘ओरिजिनल’ राहत नाही का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली की जुन्या गाड्यांच्या रॅली सुरू होतात आणि पेपरात फोटो येतात, चकाचक क्रोम, हार घातलेलं बोनेट, शेजारी फेटा बांधलेले मालक, बघायला मस्त वाटतं, पण त्या गाडीखाली वाकून कुणी बघत नाही आणि खरी गोम तिथंच असते. म्हणून हे पत्र.

आमच्या काकांची 1970 ची स्टँडर्ड हेराल्ड आहे. आजच्या पोरांना नावही माहीत नसेल. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, डिझाइन इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरचं, आपल्याकडं 1961 पासून मद्रासला बनायची. बोनेट मडगार्डांसकट अख्खं पुढं उलटतं आणि चक्क टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. आणि मुख्य म्हणजे हिला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र लोखंडी सांगाडा आहे. पद्मिनी, अँबेसेडरला तशी नाही, तिथं बॉडी हाच सांगाडा. यामागं पण किस्सा आहे, इंग्लंडात ट्रायम्फवाल्यांना बॉडी बनवून देणारी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली, मग एकसंध बॉडी कुणाकडून करून घेणार, म्हणून छोटे छोटे भाग करून बोल्टांनी चासीवर बसवायची गाडी काढली. त्यांची अडचण झाली, आमची सोय झाली.

तर ही चासी अशी असते की मधून दोन लांब बॉक्स जातात आणि त्यांना दोन्ही बाजूंना आडवे हात असतात, बॉडी त्या हातांवर टेकलेली. चाकाने उडवलेला चिखल त्या हातांच्या सांध्यात साचतो, पाणी आत शिरतं, निघायला वाट नाही, मग पत्रा आतून सडतो आणि बाहेरनं रंग शाबूत. काकांच्या गाडीला मागं कधीतरी कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून वर काळा रंग मारलेला, त्यामुळं कळलंच नाही. आमचा एक दोस्त उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो, त्याने खाली झोपून स्क्रू ड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर येऊन म्हणतोय, ‘वरनं नवरी आणि खालनं चाळण आहे गड्या ही.’

मग सुट्टीच्या दिवशी जमायचं ठरलं. पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी काढली, गाडी ठोकळ्यांवर लेव्हलमध्ये घेतली. दुसरा दोस्त बांधकामाची कामं घेतो, त्याने ओळंबा आणला, चासीच्या ठराविक भोकांतून खाली सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या आणि कर्ण मोजून लिहून ठेवले, कारण सडलेला भाग एकदम कापला की सांगाडा बसतो आणि मग दार लागत नाही. म्हणून एका वेळी एकच हात कापायचा, दारं बंद ठेवायची, नवीन तुकडा आधी वेल्डिंगच्या दोन-चार ठिपक्यांनी नुसता टाचायचा, कर्ण परत मोजायचे, दाराच्या फटी बघायच्या आणि मगच पूर्ण वेल्डिंग, तेही थोडं इकडं थोडं तिकडं, नाहीतर उष्णतेने वाकतं. नवीन हात जुन्याच्याच मापाने आणि जुन्याच्याच जाडीच्या पत्र्याचे वाकवून घेतले. तिसरा मित्र बँकेत आहे, त्याला हत्यारातलं काही कळत नाही, पण टॉर्च धरायला आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढायला तोच, आणि आता वाटतंय सगळ्यात कामाचं त्यानेच केलं. ते का, सांगतो.

केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. 50 वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, जुना नंबर असेल तर तो राहतो, नव्याने नोंदवली तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, फी 20,000 रुपये, 10 वर्षांसाठी. चांगली गोष्ट आहे, तक्रार नाही. पण व्याख्येत अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठी दुरुस्ती झालेली नको, आणि त्या मोठ्या दुरुस्तीत चासी, बॉडी, इंजिनातला बदल धरलाय. आता आमचं काय? आम्ही चासी बदललेली नाही, लांबी-रुंदी बदललेली नाही, इंजिन तेच, चासी नंबराच्या पट्टीला हात लावलेला नाही, फक्त सडलेल्या जागी तसाच चांगला पत्रा लावलाय. हा बदल की दुरुस्ती? चार माहीतगारांना विचारलं, दोघं म्हणाले काही प्रॉब्लेम नाही, एक म्हणाला आरटीओच्या साहेबावर आहे, आणि चौथ्याने सल्ला दिला की वेल्डिंगचं बोलूच नका, वर लांबी मारा आणि काळा रंग द्या!

म्हणजे प्रामाणिकपणे सांगणारा अडकणार आणि सडकी चासी रंगाखाली झाकणारा ‘ओरिजिनल’ म्हणून पास होणार. अशी गाडी रॅलीत गर्दीतून जाताना किंवा घाटात वळणावर मोडली तर काय? कोल्हापूर, कोकण, मुंबई, आपल्याकडं पाऊस असा की पन्नास वर्षं जुन्या गाडीची चासी कुठंच सडलेली नाही असं कुणी म्हणालं तर मी तरी आधी स्क्रू ड्रायव्हर मागेन.

परिवहन खात्याने एवढंच स्पष्ट करावं की मूळ मापाने, मूळ जागी केलेलं गंजाचं काम म्हणजे बदल नव्हे, आणि पाहिजे तर आधीचे-नंतरचे फोटो आणि मोजमापं सक्तीने मागावीत, खालनं तपासणी पण करावी, आमची ना नाही. बँकवाल्या मित्राने फोटो तारखेसकट फाईलला लावून ठेवलेत, कुठल्या टेबलावर द्यायचे तेवढं कुणीतरी सांगा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर