चार कड्यांच्या तुकड्याबद्दल आभार

काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही तारेच्या कड्यांनी बांधून दिलेल्या प्रशिक्षणाच्या ४० पुस्तिका घेऊन निघताना घाईत नुसतं 'थँक्यू' म्हटलं. तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून हे पत्र.

त्यातल्या १० पुस्तिका आधी दुसरीकडे बांधल्या होत्या, त्यांची गत तुम्ही पाहिलीत. तारेचं माप चुकलं नव्हतं. ११० कागद म्हणजे साधारण ११ मिलिमीटर जाडी, वर पानं फिरायला ३ मिलिमीटर मोकळीक, म्हणून १४.३ मिलिमीटर कडीची तार. पण तार किती दाबायची ते ठरवणारा मशिनचा नॉब आधीच्या कुठल्यातरी बारीक तारेवर होता, तो कुणी फिरवलाच नाही. हँडल खाली आलं आणि कड्या लंबगोल झाल्या, टोकं एकमेकांवर चढली, पानं अडकली. वर ऐकवलं काय, तर "वापरून मोकळं होईल." नाही होत! जास्त दाबलेली तार वाया गेलेलीच असते. पकडीनं उघडायला गेलं तर ती वेडीवाकडी होते आणि भोकं फाटतात. पुस्तिका पूर्ण उलटी दुमडून एका हातात धरता यावी म्हणून तर तारेचं बाइंडिंग घ्यायचं. तेच होत नसेल तर स्टेपल काय वाईट?

तुम्ही नव्या तारेला हात लावण्याआधी खोक्यातून त्याच मापाचा चार कड्यांचा उरलेला तुकडा काढलात. तो मशिनमध्ये धरून दाबलात, उजेडात पाहिलात. फट होती. नॉब किंचित आवळून पुन्हा दाबलात, पुन्हा पाहिलात. तिसऱ्या खेपेला टोकं बरोबर टेकली आणि कडी गोलच्या गोल राहिली. सैलाकडून घट्टाकडे जायचं, कारण सैल राहिलेली तार पुन्हा दाबता येते. नॉबवरचे आकडे जुन्या मशिनवर भरवशाचे राहत नाहीत, हा तुकडाच खरं सांगतो. दोन मिनिटांचं काम, त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि तरी तुम्ही ते केलंत. काका, आभार खरे त्या तुकड्याचे आहेत.

मागचं कव्हर आधी पालथं करून पुढच्या कव्हरवर ठेवलंत आणि तार दाबून झाल्यावर मागे फिरवलंत, त्यामुळे कड्यांची टोकं टेकतात तो सांधा शेवटच्या पानाआड गेला. मग कोऱ्या कागदाची कड सगळ्या ३४ कड्यांच्या सांध्यांवरून फिरवलीत. एकीतही शिरली नाही. जिथून कागद आत शिरतो तिथूनच पान बाहेर पडतं, हे माहीत असणारे बरेच असतात. चाळिसाव्या प्रतीलाही कागद फिरवणारा माणूस विरळा. गिऱ्हाईक समोर नसतानाही तुमचा हात असाच चालत असणार, याची आम्हाला खात्री आहे.

खराब झालेल्या १० प्रतींच्या तारा एकेक कडी कापून काढल्यात, भोकं जपलीत, म्हणून पानं पुन्हा छापावी लागली नाहीत. त्याचेही पैसे फक्त तारेचे घेतलेत.

पुढची पुस्तिका ६० कागदांची आहे, तार ९.५ ची लागेल. भोकं पाडायचं पंचिंगही तुमच्याकडेच करू, १०-१० कागदांच्या गठ्ठ्यानं, तुम्ही सांगितलंत तसंच. कागद सोमवारी आणून देतो.

आपली,
प्रशिक्षण वर्गाची मंडळी