आधी जागा, मग लूर: काकांना एक जाहीर आभारपत्र

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र. चारचौघांसमोर लिहायचं कारण असं की बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मागे गळ घेऊन लागलेल्या प्रत्येक नवशिक्याला जे कुणीतरी नीट बसवून सांगायला हवं, ते तुम्ही मला सांगितलंत. ते माझ्यापुरतंच राहावं असं मला वाटत नाही.

मी तुमच्याकडे आले ती एकच शंका घेऊन: आज कोणता लूर, म्हणजे माशाला भुलवणारं कोणतं खोटं आमिष, लावू? तुम्ही डब्याला हातही लावला नाहीत. पाण्याचं तापमान किती, वारा कुठल्या काठावर येतोय, पाण्यात किती खोलवर दिसतंय आणि या दिवसांत बासच्या तोंडी काय लागत असेल, एवढं आधी विचारलंत. मासा कुठे आहे आणि तिथेच का आहे हे ठरलं, की लूर निवडायचं काम फार थोडं उरतं, असं तुम्ही म्हणालात. काका, मला आज या छंदात जे काही येतं ते सगळं त्या बोलण्यातून निघालंय. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

पॅटर्न, म्हणजे मासे कुठे आणि कशाला लागतात याचं सूत्र, कसं शोधायचं हे तुम्ही तोंडी फारसं समजावलं नाहीत, पाण्यावर नेऊन दाखवलंत. हिवाळा सरत आला होता आणि पाणी १२-१३ अंश सेल्सिअसवर होतं. लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा) बास साधारण १५-१६ अंशांच्या पुढे विणीला लागतो, म्हणजे मासे खोल पाण्यातून निघालेले, पण विणीच्या उथळ जागी अजून पोचलेले नाहीत. मग ते वाटेत कुठे थांबतील? धरणाच्या पाण्याखाली जुन्या नदीचं पात्र तसंच राहिलेलं असतं आणि मासे त्याच्या कडेकडेनं सरकतात. तुम्ही नकाशावर बोट फिरवत नेलंत आणि जिथे ते पात्र वळण घेऊन पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या एका खडकाळ सोंडेच्या अगदी टोकाशी येतं, तिथे थांबवलंत. खोल पाणी हाकेच्या अंतरावर, उथळ दगड समोर, खायला क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी. इथे थांबायला बासला तीन कारणं आहेत, म्हणालात.

क्रॉफिशसारख्या तांबूस-तपकिरी रंगाचा क्रँकबेट, म्हणजे ओढला की डुलत पाण्यात बुडणारा लूर, तुम्ही दिलात. पाणी दोन-अडीच मीटर आणि लूर तीन मीटरपर्यंत बुडणारा. त्यामुळे त्याची पुढची पट्टी तळाच्या दगडांवर ठकठक आपटत येत होती आणि ती ठकठक दोरातून थेट माझ्या तळव्यात उतरत होती. एका मोठ्या दगडाला धडकून तो तिरका उडाला. मी रील क्षणभर थांबवली. पुन्हा फिरवायला घेतली तर दोर जागचा हलेना, आणि मग तो आपणहून खोल पाण्याकडे निघाला. मासा हातात आला तेव्हा माझं सगळं लक्ष त्याच्या आकाराकडे होतं. तुम्ही विचारलंत, "लागला त्या क्षणी लूर काय करत होता?"

हा प्रश्न मी आता प्रत्येक माशागणिक स्वतःला विचारते. दगडाला आपटून बाजूला गेला तेव्हा लागला, की सरळ येताना? पडता पडता लागला, की तळाशी स्थिर असताना? किती खोलीवर, उन्हात की सावलीत, ओंडक्याच्या कुठल्या अंगाला? मासा पाण्यात परत जाण्याआधी याची उत्तरं मनात बसली पाहिजेत, कारण पुढचा मासा त्या उत्तरांतच असतो.

तिथून निघाल्यावर तुम्ही वाटेतल्या दोन सोंडा सोडून दिल्यात. दिसायला त्या हुबेहूब पहिलीसारख्या होत्या, दगडही तसेच. मी हट्ट धरला म्हणून थोडा वेळ थांबलात. काही लागलं नाही. मग सोनारवर, म्हणजे पाण्याखालचा तळ दाखवणाऱ्या यंत्रावर, दाखवलंत की तिथे पात्र काठापासून फार दूर गेलेलं आहे. पुढच्या सोंडेशी ते पुन्हा जवळ आलं होतं आणि तिथे बास होते. तेही दगडाला आपटल्यावरच लागत होते. खडक, उतार आणि पात्राचं सान्निध्य या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथेच मासा, हे त्या रिकाम्या जागांमुळे पक्कं झालं. जिथे मासा नाही ती जागासुद्धा काहीतरी सांगते, हे मला तिथे पटलं. नाहीतर रिकाम्या फेकी कोण ध्यानात ठेवतो?

दुपारी वारा पडला, पाणी आरशासारखं झालं आणि क्रँकबेटला कुणी तोंड लावेना. मला वाटलं आता जागा बदलायची. तुम्ही म्हणालात, मासे सकाळपासून गेले कुठेच नाहीत, फक्त त्यांची धावून खायची तयारी राहिलेली नाही. आधी लूर तोच ठेवून वेग कमी केलात. त्यानं जमलं नाही तेव्हा त्याच दगडांवर जिग (एका जाड गळाचा, डोक्याशी वजन असलेला लूर) टाकलात आणि तो तळाला घासत, दगड चढवत-उतरवत सावकाश आणलात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा तुमचा नियम तेव्हा कामाला आला. जागा, खोली, लूर, रंग आणि वेग सगळंच एकदम बदललं तर कशामुळे मासा लागला ते कळणार कसं?

ऋतूंचं तुमचं गणितही मी तसंच धरून चालते. वीण झाली की नर घरट्यावर आणि पिल्लांवर पहारा देत उथळ पाण्यात राहतो, मादी थोडी खोल सरकते. भर उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी काठाशी, एरवी सावलीत, दाट वनस्पतींखाली नाहीतर पाण्याखालच्या कड्यांवर. पुष्कळ तलावांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि खालच्या गार थरात प्राणवायू कमी होत जातो, म्हणून तेव्हा कितीही खोल गेलं तरी चालेल असं नसतं. शरद ऋतूत शॅड मासे तलावाच्या आत शिरलेल्या फाट्यांच्या टोकाकडे शिरतात आणि बास त्यांच्या मागे. थंडीची लाट येऊन गेल्यावरचा निळाभोर, निवांत दिवस माणसाला सुंदर वाटतो, पण त्या दिवशी बास आडोशाला चिकटून बसतो आणि लूर अगदी त्याच्या तोंडासमोर न्यावा लागतो.

आता लूरबद्दल. तुमच्या डब्याचे कप्पे मी पाहिलेत. कप्प्यांची वाटणी कंपनीप्रमाणे किंवा रंगाप्रमाणे नाही, कोणता लूर किती खोल जातो याप्रमाणे आहे. वरच्या कप्प्यात पाण्यावर चालणारे पॉपर आणि फ्रॉग, मग फिरत्या पात्यांचे स्पिनरबेट आणि उथळ क्रँकबेट, मग खोल जाणारे, आणि शेवटी तळाशी चालणारे जिग आणि मऊ प्लॅस्टिक. मासा कुठल्या थरात आहे हे ठरलं की कप्पा आपोआप ठरतो. मी माझा डबा तसाच लावला आणि किनाऱ्यावर उभं राहून ताटकळणं बंद झालं.

रंगाचा घोळ तुम्ही फार थोडक्यात मिटवलात. नितळ पाण्यात खऱ्या खाद्याच्या जवळचे रंग: हिरवट, तपकिरी, अर्धपारदर्शक. गढूळ पाण्यात गडद काळा-निळा किंवा भडक पोपटी, म्हणजे निदान आकार तरी उठून दिसेल. पण गढूळ पाण्यात रंगापेक्षा कंपनं महत्त्वाची, हे तुम्ही स्पिनरबेटची दोन पाती माझ्या हातात देऊन दाखवलंत. गोलसर कोलोरॅडो पातं ओढताना रॉडचं टोक थडथडत होतं. लांबट विलो पात्याचा धक्का जेमतेम जाणवत होता, पण चमक मात्र लखलखीत होती. बासच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी संवेदनशील रेषा असते तिला पाण्यातली ही थरथर कळते. म्हणून गढूळ पाण्यात आणि सावकाश ओढायचं असेल तर कोलोरॅडो, नितळ पाण्यात आणि वेगानं ओढायचं असेल तर विलो. हातात घेऊन पाहिल्याशिवाय हे मला कधीच पटलं नसतं.

आणि मऊ किडा! निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात घरच्या घरी प्लॅस्टिक वितळवून तो बनवला, ही गोष्ट तुम्ही किती कौतुकानं सांगता. टेक्सास रिग बांधायला शिकवताना तुम्ही माझ्याकडून तो पुन्हा पुन्हा उतरवून घेतलात: आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं दोरात ओवायचं, मग ऑफसेट (मानेशी वाकवलेला) गळ बांधायचा, गळाचं टोक किड्याच्या डोक्यातून थोडंसं घालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक परत अंगात लपवायचं. किडा सरळ राहिला पाहिजे. तो जरा जरी वाकडा बसला तर पाण्यात गरगर फिरतो आणि दोराला पीळ पडतो. टोक लपलेलं असल्यामुळे हा रिग झुडपांतून, शेवाळातून, बुडालेल्या फांद्यांतून न अडकता निघतो, आणि बास तर तिथेच बसलेला असतो. नवशिक्यानं एकच लूर घ्यायचा झाला तर हाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मासा जास्तच बिचकत असेल तर तोच किडा बिनशिशाचा, मधोमध गळ अडकवून सोडायचा. दोन्ही टोकं हलवत तो जेव्हा संथ खाली जातो तेव्हा भल्याभल्या बासना राहवत नाही.

रॉडच्या बाबतीत तुमचा आग्रह मला आधी कळला नव्हता. एकच रॉड सगळ्याला का चालत नाही? मग तुम्ही क्रँकबेटचे तिहेरी गळ दाखवलेत: बारीक आणि आखूड. मासा उसळला आणि रॉड कडक असला तर ते गळ मांस फाडून सुटतात. म्हणून क्रँकबेटला मधूनच वाकणारा, लवचीक रॉड, शक्यतो फायबरग्लासचा. जिगचा गळ एकच आणि जाड, तो बासच्या जबड्यात रुतवायला जोर लागतो, त्यामुळे तिथे टणक आणि फक्त टोकाशी वाकणारा. रीलचंही तसंच. खोल क्रँकबेट ५:१ च्या आसपासच्या (हँडलच्या एका फेरीत दोराचं रीळ पाच वेळा फिरवणाऱ्या) संथ रीलवर हात न दुखता ओढता येतो. जिगला किंवा किड्याला मासा लागल्यावर ढिला दोर झटकन गोळा करायचा असतो, तिथे ७:१ किंवा त्याहून वेगवान रील हवी.

दोराचं मी थोडक्यात लिहिते, कारण यावर लोक फार वाद घालतात. फ्लोरोकार्बन बुडतो आणि पाण्यात कमी दिसतो, म्हणून तळाच्या कामाला चांगला आणि पॉपरला वाईट, कारण तो पॉपरचं तोंड खाली ओढतो. वेणीचा दोर ताणत नाही आणि तरंगतो. फ्रॉग आणि दाट शेवाळ त्याचंच. नायलॉन थोडा ताणतो, पण शिकाऊ हाताला तोच सगळ्यात सोसणारा. दोर बारीक असेल तर तोच क्रँकबेट आणखी खोल जातो, हे ध्यानात ठेवावं. आणि गाठ आवळण्याआधी ती ओली करायचीच, नाहीतर घर्षणानं दोर तिथेच कमजोर होतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र मासा हातात कसा धरायचा हे शिकवलंत त्याचे. आधी हात ओले करायचे, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. खालचा ओठ अंगठ्यानं धरायचा, आणि मासा वजनदार असेल तर दुसरा हात पोटाखाली द्यायचा. नुसत्या जबड्यावर आडवा तोलायचा नाही. फोटो काढायचा तर कॅमेरा आधी तयार ठेवायचा, मासा मग पाण्याबाहेर. रे स्कॉट यांनी १९६८ मध्ये बास मासेमारांची संघटना उभी केली आणि १९७२ मध्ये स्पर्धांमधले मासे जिवंत सोडायची मोहीम सुरू केली, हे तुम्ही मला सांगितलंत ते मी हातातला मासा फार वेळ बाहेर धरून ठेवला तेव्हा. रागावला नाहीत. नुसतं सांगितलंत, आणि मी तो लगेच सोडला.

गेल्या आठवड्यात एका शाळकरी मुलीला मी सोंडेवर बोटीत घेऊन गेले होते. तिनंही तेच विचारलं, कोणता लूर लावू? मी तिला नकाशा दिला आणि पात्र कुठे वळतंय ते शोधायला सांगितलं. तिनं माझ्या आधी शोधलं. मासा लागल्यावर, लूर तेव्हा काय करत होता, हे तिनं मी विचारायच्या आत सांगितलं. हे श्रेय तुमचं आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं होतं.

आता एक शंका, जी तुम्हीच सोडवू शकाल. पाणी ७-८ अंशांवर उतरलं की मी जर्कबेट (झटक्यांनी चालवायचा लांबट लूर) वापरते, दोन झटके आणि मग थांबा. मासे लागतात ते त्या थांब्यातच, पण तो थांबा कितपत लांबवावा हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही झटक्यानंतर दोर पूर्ण ढिला सोडता की थोडा ताण ठेवता? पुढच्या खेपेला बोटीत मागे बसून मी फक्त तुमचे हात पाहणार आहे.

तुमची,
विद्यार्थिनी