सहा कैद्यांचा तो पिक्चर आमच्या जिल्ह्यातलाच

संपादक साहेब, नमस्कार,

लहानपणी दूरदर्शनवर रविवारी ‘दो आँखें बारह हाथ’ लागला की आमची आजी चष्मा पुसत बसायची, आणि मला तर शेवटी तो बैल आला की उशीत तोंडच खुपसावं लागायचं. इतकी वर्षं वाटायचं शांताराम बापूंनी डोक्यातून काढलेली गोष्ट आहे. परवा कळलं की पिक्चरमधल्यासारखी कैद्यांची खुली वसाहत खरंच होती, आणि आहेही, आमच्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर! औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंत नाही बेडी नाही अशा माळावर शेती करायला सोडलं, आणि त्यामागे डोकं होतं मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरचं (हाच माणूस पुढे मुंबईतल्या आध्यात्मिक गुरू निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणतो, काय म्हणावं!). कथा गदिमांची, ते माडगूळचे, म्हणजे त्याच आटपाडी भागातले, मग ती त्यांना सुचणारच की हो.

१९५७ च्या पिक्चरला बर्लिनमध्ये बक्षीस मिळालं हे सगळे सांगतात, स्वतंत्रपूरचं नाव कुणी घेत नाही. शाळांच्या सहली दरवर्षी त्याच त्या वॉटरपार्कला जातात, त्यांना परवानगी काढून एकदा इकडे आणा की.

आपला,
एक वाचक, सांगली