पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना व्यायामाचीही मात्रा लिहून द्यावी

महोदय,

पक्षाघाताची लक्षणे दिसताच रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळावे, याविषयी वृत्तपत्रांतून आता बरेच लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. रुग्ण घरी आल्यानंतरच्या महिन्यांविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही. माझ्या यजमानांच्या उजव्या अंगावरून वारे गेले, त्याला आता तीन वर्षे होतील. त्यांना घरी सोडताना मिळालेल्या कागदावर प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ काटेकोरपणे लिहिली होती. खाली 'फिजिओथेरपी सुरू ठेवावी' एवढे तीन शब्द होते. हे पत्र त्या तीन शब्दांविषयी आहे.

औषधाला मात्रा असते, तशी व्यायामालाही असते. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये आवश्यक त्या प्रत्येक उपचारासाठी दिवसाला किमान ४५ मिनिटे सुचवली होती; २०२३ मध्ये तिने एकंदर पुनर्वसनासाठी दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस अशी शिफारस केली. त्याशेजारी फिजिओथेरपिस्टची आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाची भेट ठेवून पाहावी. शिवाय हा वेळ कशात जातो, हेही महत्त्वाचे आहे. मेंदूचे शाबूत भाग नवी कामे शिकतात ती त्याच कामाच्या शेकडो आवर्तनांतून. त्यामुळे खुर्चीतून उठणे, पेला तोंडापर्यंत नेणे, सदऱ्याची बटणे लावणे हाच खरा व्यायाम होय. आपण मायेपोटी ही कामे परस्पर उरकतो, रुग्णही चांगल्या हाताने निभावून नेतो आणि दुसरा हात, त्यात थोडी शक्ती परतली असली तरी, वापराविना पडून राहतो. (बटणे लावून देण्याची माझी घाई आवरायला मलाच महिनाभर लागला.)

काही गोष्टी तर पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवल्यास खांद्याला इजा होते. गिळण्याची तपासणी न करता पाणी पाजल्यास ते ठसका न लागताही श्वासनलिकेत उतरू शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. बोलता न येणाऱ्या माणसाची समज बहुधा शाबूत असते, म्हणून त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखे बोलू नये. सुमारे तिघांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि घरातले त्याला आळस किंवा हट्ट समजतात. आम्हीही तसेच समजलो होतो.

एवढे सगळे घरच्यांना शिकवले की भागेल, असा समज होऊ नये. भारतातील १४ रुग्णालयांमधील १२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना कुटुंबीयांच्या प्रशिक्षणाची जोड देण्यात आली होती. तरीही सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाच्या प्रमाणात फरक पडला नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. कुटुंबाचा हातभार मोलाचा असला तरी रुग्णाची प्रगती पाहून व्यायाम बदलणारा प्रशिक्षित माणूस लागतोच, असे माझे मत या निष्कर्षांनी अधिक पक्के केले.

'सहा महिन्यांनंतर काही होत नाही' हे वाक्यही आम्ही अनेकांकडून ऐकले. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे, पण त्यानंतरही सरावाने हालचाल सुधारते. यजमानांनी उजव्या हाताने सही केली ती चौदाव्या महिन्यात.

म्हणून रुग्णालयांना विनंती आहे की, घरी सोडतानाच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली कोणते उपचार, आठवड्यातून किती तास, पहिल्या महिन्यात कोणते काम स्वतः करता यावे आणि फेरतपासणी कोणी, कोणत्या तारखेला करायची, हे लिहून द्यावे. रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची हे आम्हाला तोंडी सांगून कोणी सोडले नव्हते.

— एक वाचक