काका, हे आभार आता चारचौघांत

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की "त्यात काय एवढं, घे काकूशी बोल" म्हणून तुम्ही सटकता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आता मुकाट्याने ऐकून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची गाडी १९६३ची जॅग्वार ई-टाइप, इंजिन ३.८ लिटरचं, सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे. तिचं इंजिन मी काकांच्या देखरेखीखाली दुरुस्त केलं, त्याचे हे आभार. काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसवून सत्तरच्या दशकात इंग्लंडला कॉव्हेंट्रीला आले आणि जॅग्वारच्या रॅडफर्डच्या कारखान्यात याच घराण्यातल्या इंजिनांवर फिटर होते. हे इंजिन १९४८ साली जॅग्वारच्या एक्सके १२० या स्पोर्ट्स कारबरोबर लोकांसमोर आलं आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं. युद्धाच्या काळात कारखान्याच्या छतावर आगीचा पहारा देताना जॅग्वारच्या इंजिनिअरांनी त्याचा आराखडा ठरवला असं सांगतात. ही गोष्ट काका दर वेळी नव्याने सांगतात आणि दर वेळी ऐकावीशी वाटते.

इंजिन खोललं तेव्हा खालचा भाग त्या मानाने बरा निघाला. दुखणं वर होतं. दोन्ही कॅमशाफ्टच्या लोबवर (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांवर) खड्डे, आणि एका लोबचं टोक तर नखाला लागेल इतकं झिजलेलं. गाडीसोबत 'हेड ओव्हरहॉल' (इंजिनाच्या या वरच्या भागाची पूर्ण दुरुस्ती) केल्याचं कुठल्याशा गॅरेजचं जुनं बिल मिळालं होतं. ते वाचून तुम्ही जे बोललात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवे कॅमशाफ्ट घरी आले त्या दिवशी मला वाटलं होतं, आता बसवायचे आणि मोकळं व्हायचं. तुम्ही खोक्याकडे बघून पहिला प्रश्न विचारलात, "प्रोफाइल कुठलं आहे?" म्हणजे लोबचा आकार. लिफ्ट, म्हणजे लोब व्हॉल्व्ह किती उघडतो ते, ३/८ इंच, तेवढं मला ठाऊक होतं. पण गाडीच्या पुस्तकात टॅपेटची (लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टोपीची) गॅप इनलेटला ४ थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, आणि एक्झॉस्टला ६ थाऊ, आणि खोक्यातल्या कागदावर दोन्हीकडे १२ ते १४. माझा विश्वास अर्थातच पुस्तकावर. मग तुम्ही समजावलंत की ई-टाइपच्या शेवटच्या काही वर्षांत जॅग्वारने लोबचा चढ-उतार बदलला, आवाज कमी व्हावा आणि सारखी गॅप बघायला लागू नये म्हणून. बदली म्हणून आता मिळालेले शाफ्ट त्या नंतरच्या घडणीचे, तेव्हा गॅपही त्यांचीच. "त्याला ४ थाऊवर बसवलंस तर व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकायचाच नाही, जळेल." या एका वाक्याने हजार-दीड हजार पाउंडांचं काम वाचलं असेल.

दुसरी गोष्ट तेलाच्या भोकांची. या शाफ्टना तेल मागच्या बेअरिंगकडून मिळतं आणि शाफ्टच्या पोटातूनच पुढच्या बेअरिंगांना जातं. शाफ्ट अगदी नवे, कागदात गुंडाळलेले, चकचकीत. तरी तुम्ही टोकाचा प्लग काढायला लावलात, आतून रॉकेल सोडायला लावलंत. खाली पांढरं ताट ठेवलं होतं. त्यात राखाडी रेघ उतरली, बोटांत चोळली तर कचकचली. ग्राइंडिंगची भुकटी होती. ती तशीच राहिली असती तर नव्या बेअरिंगचं काय झालं असतं ते सांगायला नको. तुम्ही फक्त ताट माझ्याकडे सरकवलंत आणि चहा मागितलात.

टॅपेट ज्यात वरखाली सरकतात त्या गाइडना पट्ट्या लावून घ्यायला सांगितलंत, तेही बरं झालं. ॲल्युमिनियमचं हेड कधी जास्त तापलं तर ते गाइड सैल होऊन वर येतात आणि कॅमच्या तोंडी सापडतात.

मग शिम, म्हणजे गॅप जुळवायला टॅपेटखाली ठेवायच्या चकत्या. बारा व्हॉल्व्ह, बारा शिम. हेड टेबलावर, आणि एका वेळी एकच शाफ्ट बसवलेला, कारण दोन्ही बसवून फिरवले तर इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. "आरं, वही काढ आधी," म्हणालात. जॅग्वारच्या शिमवर अक्षरं असतात, ए म्हणजे ८५ थाऊ, मग एकेक थाऊ वाढत झेड म्हणजे ११०. एका ठिकाणी गॅप १८ आली, हवी १३, आत शिम एच. मी गणित करेपर्यंत तुम्ही डब्यातून एम काढून हातावर ठेवलात. तरी मायक्रोमीटर लावायला लावलाच. अक्षर पुसट असेल तर एच आणि एन सारखेच दिसतात, असं तुमचं म्हणणं.

बेअरिंगच्या कॅप थोड्याथोड्या, आळीपाळीने आवळायच्या, शेवटी १५ फूट-पाउंड. एका बाजूने आवळत गेलं तर स्प्रिंगांच्या जोराने शाफ्ट मोडतो हे पुस्तकात असतं. पण पाना किती हलका धरायचा हे पुस्तकात नसतं. तुम्ही स्टुलावर बसून तो हात बघत होतात. काका, यासाठीच हे पत्र आहे खरं तर. तुम्हाला ते सगळं एका दुपारी उरकता आलं असतं. एकदाही तुम्ही पाना माझ्या हातातून घेतला नाहीत.

टायमिंगच्या, म्हणजे पिस्टन आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ जुळवायच्या दिवशीही तेच. सहा नंबरचा पिस्टन वर (जॅग्वारवाले सिलिंडर मागून मोजतात, त्यामुळे सहावा सगळ्यात पुढे), शाफ्टच्या खाचेत गेज, आणि स्प्रॉकेटच्या (शाफ्ट फिरवणाऱ्या चेनच्या चाकाच्या) दातेरी तबकडीची भोकं काही जुळेनात. मी पाच मिनिटं झटत होतो. तुम्ही म्हणालात, "अर्धा फेरा उलटी करून बघ." अर्ध्या दाताचा फरक पडला आणि बोल्ट आपसूक आत गेला. त्याआधी टायमिंग केसच्या तोंडात चिंधी कोंबायला लावली होतीत, आणि दुसरा बोल्ट हातातून निसटून पडला तो नेमका त्या चिंधीत. तुम्ही हसलातसुद्धा नाहीत.

इंजिन सुरू झाल्यावर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) सोडायचं नाही, मिनिटाला २००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटं धरायचं, ही तुमची ताकीद पाळली. लोबना चोपडलेली पेस्ट जळून गॅरेजभर धूर झाला. आता गरम इंजिनाला ३००० फेऱ्यांवर ऑइल प्रेशर ४० पाउंड दाखवतं, आणि वरून येतो तो फक्त चेनचा आवाज.

रविवारी गाडी घेऊन तुमच्याकडे येतोय. माझ्याशिवाय एकालाच बसता येईल, तेव्हा पहिली फेरी तुमची की काकूंची हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा. दारात भांडण नको.

तुमचा,
गॅरेजातला शिकाऊ