नायिका एक, बाकी सगळे ‘तो’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ॲनिमेशनपटांतल्या धाडसी मुलींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कौतुक रास्तच, पण लेखकाची नजर नायिकेवरून हललीच नाही. तिच्या अवतीभवती कोण वावरते, हेही पाहायला हवे होते.

‘मुलान’ (१९९८) घ्या. मुलगी वडिलांऐवजी सैन्यात जाते, शत्रूवर हिमकडा पाडते, सम्राटाला वाचवते. तरी कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहावर या भाषाभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या मोजणीत त्यातले ७७ टक्के बोलणे पुरुष पात्रांचे निघाले. ड्रॅगन, सेनापती, सल्लागार, सोबतचे शिपाई, सगळे ‘तो’. ‘फ्रोझन’ (२०१३) दोन बहिणींची गोष्ट. तिथेही पुरुषांचा वाटा ५९ टक्के. ‘ब्रेव्ह’मध्ये (२०१२) मात्र ७४ टक्के बोलणे बायकांचे, कारण भांडणच आई-लेकीचे आहे. तेही आई बराच वेळ अस्वल होऊन मुकी असताना!

गोची दुय्यम पात्रांत होते. पहारेकरी, दुकानदार, विनोदी प्राणी यांना लिंगाची गरज नसते, म्हणून लिहिणारा सवयीने ‘तो’ लिहितो. आणि बडबड, विनोद नेमके त्यांच्याच वाट्याला येतात. दुरुस्ती पटकथेतच व्हावी लागते. आवाज सहसा आधी ध्वनिमुद्रित होतात आणि ओठांची हालचाल त्यांवर बेततात. नंतर पात्र बदलणे महागात पडते. अभिनेत्री जीना डेव्हिस यांनी सुचवलेला उपाय सोपा आहे: काही पुरुष पात्रांची नावे बदलून बायकांची करा, आणि गर्दीच्या प्रसंगात ‘निम्म्या बायका’ असे स्पष्ट लिहा. ॲनिमेशनमध्ये चौकटीत कोणी चुकून शिरत नाही, प्रत्येक चेहरा मुद्दाम घडवावा लागतो. त्यामुळे ‘गर्दीत पुरुषच होते’ ही सबब इथे चालत नाही.

पालकांना घरीही पडताळता येईल. चित्रपटाच्या मधली पंधरा मिनिटे निवडा. सुरुवातीची नकोत, तिथे घरची माणसे असल्याने बायकांचा आकडा फुगतो. कागदावर दोन रकाने आखून प्रत्येक बोलण्याला एक खूण करा. प्राणी आवाजावरून मोजा. गाणी आणि नुसते हुंकार वगळा. शेवटचा निर्णय कोण घेते, तेही टिपा.

खेळण्यांचा विषय लेखात आलाच नाही. २०१३ मध्ये ‘ब्रेव्ह’ची नायिका मेरिडा हिला डिस्नेच्या राजकन्यांच्या विक्री-मालिकेत बसवताना तिची कंबर बारीक केली आणि धनुष्य काढून घेतले, हे पात्र घडवणाऱ्या ब्रेंडा चॅपमन यांनीच त्यावर जाहीर टीका केली होती. पुढच्या लेखात दप्तरांवरच्या आणि डब्यांवरच्या चित्रांकडेही लेखकाने पाहावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक