मझार्गला न पोहोचलेली गाडी: सहलीच्या आखणीतल्या त्रुटीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
पुणे कार्यालय

विषय: मार्सेय (फ्रान्स) येथील तीन दिवसांच्या सहलीची चुकीची आखणी, परतावा आणि लेखी खुलासा मिळणेबाबत.

महोदय,

यंदाच्या पितृपंधरवड्यात माझे वडील (वय ७८), आई, धाकटा भाऊ आणि मी असे चौघं तुमच्या कंपनीने आखून दिल्याप्रमाणे मार्सेयला तीन दिवस राहून आलो. 'खास तुमच्यासाठी आखलेली सहल' या सेवेचे तुम्ही १८,००० रुपये घेतलेत. हॉटेल, गाडी आणि तिकिटांचे पैसे वेगळे. परत आल्यावर मी दोनदा फोन केला, एकदा कार्यालयात येऊन बसले. तिथे मला पुढच्या सहलीत वापरायचं २,००० रुपयांचं कूपन देऊ केलं गेलं. ते मी घेतलेलं नाही. माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं नाही, म्हणून सगळं लिहून देते आहे.

आम्ही मार्सेयला का गेलो, ते आधी सांगते. पहिल्याच बैठकीत मी हे तुमच्या प्रतिनिधींना सांगितलं होतं आणि त्याच रात्री ई-मेलनेही कळवलं होतं.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे आजोबा खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात लाहोर डिव्हिजनबरोबर या पलटणीच्या दोन कंपन्या फ्रान्सला गेल्या, त्यांतल्या एका कंपनीत ते होते. हिंदुस्थानी फौजेच्या पहिल्या बोटी २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेयला लागल्या. महिनाभरात, २८ ऑक्टोबरला, नव्ह शापेलच्या हल्ल्यात या दोन्ही कंपन्यांची फार मोठी हानी झाली. त्यातून पणजोबा वाचले, पण पुढच्या थंडीत निमोनिया झाला आणि मार्सेयच्या इस्पितळात वारले. दहन तिथेच झालं. घरी आली ती सरकारने पाठवलेली एक काशाची चकती, जेमतेम पाच इंच रुंद. तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंहाचं चित्र आहे आणि एका चौकटीत नाव, नावापुढे हुद्दा नाही. आमच्या देवघरात ती टाकांशेजारी असते. दर दसऱ्याला नाना ती चिंचेने घासतात. इतकी वर्षं घासून सिंहाचं तोंड गुळगुळीत झालं आहे, पण नावाच्या अक्षरांवरून नाना बोट फिरवतात ते जपून.

दोन वर्षांपूर्वी भावाने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घेतला, तेव्हा तेच नाव सापडलं. मार्सेयच्या दक्षिणेला मझार्ग नावाचा भाग आहे. तिथल्या युद्ध दफनभूमीत हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे. ज्यांचं दहन झालं, ज्यांना कबर नाही, त्यांची नावं त्या स्मारकावर आहेत. फील्ड मार्शल बर्डवुड यांच्या हस्ते १९२५ साली त्याचं अनावरण झालं. आमच्या घरातलं कुणीही एकशे दहा वर्षांत तिथे गेलेलं नव्हतं. नानांनी पितृपंधरवडा मुद्दाम धरला. काळ्या तिळांची पुडी, तांब्याचा छोटा गडू आणि गावच्या चावडीतल्या पहिल्या महायुद्धाच्या दगडाचा फोटो, एवढंच त्यांनी स्वतःच्या हाताने पिशवीत भरलं होतं.

ई-मेलमध्ये मी लिहिलं होतं: "बाकी काही कमीजास्त झालं तरी चालेल, मझार्गच्या स्मारकासाठी अर्धा दिवस निवांत हवा." 'मझार्ग' हे नाव देवनागरीत आणि फ्रेंच स्पेलिंगमध्ये, दोन्हीकडे दिलं होतं. तुमच्याकडून उत्तर आलं, "नक्की मॅडम, नोंद घेतली आहे."

आता तुमचा आराखडा. अकरा पानांतली पहिली दोन पानं इतिहासाची आहेत. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोसियाच्या ग्रीकांनी हे बंदर वसवलं, मसालिया हे त्याचं जुनं नाव, हे सगळं त्यात आहे आणि ते बरोबरही आहे. सावरकरांच्या उडीचाही उल्लेख आहे, पण ८ जुलै १९१० ची ती घटना तुम्ही 'जुन्या बंदरातच' घडवली आहे. त्या काळी मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात येत नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांच्यासाठी उत्तरेला जोलिएतच्या बाजूला नवी गोदी बांधली गेली होती. मराठी माणूस मार्सेयला गेला की ही जागा विचारणारच, नानांनीही विचारली. तुमच्या कागदावर विसंबून आम्ही पहिल्या संध्याकाळी जुन्या बंदराच्या धक्क्यावर उभे राहून भलत्याच पाण्याला नमस्कार केला. हॉटेलच्या माणसाने रात्री नकाशावर दाखवलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "मार्सेलिस पाहिलं, पण चुकीच्या जागी."

हॉटेल 'स्थानकापासून पाच मिनिटांवर' असं लिहिलं होतं. अंतर तेवढंच आहे. पण साँ-शार्ल स्थानक टेकाडावर आहे आणि समोर १०४ पायऱ्या आहेत, हे त्यात नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, हे तुमच्या नोंदणी अर्जात 'प्रकृती' या रकान्यात लिहिलेलं आहे. स्थानकाखालूनच मेट्रो सुटते आणि दुसऱ्या थांब्यावर जुनं बंदर येतं. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी भाऊ चार बॅगा घेऊन दोन फेऱ्या खाली-वर करत होता आणि आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द या चर्चला जायचं तर 'बंदरापासून चालत, २५ मिनिटं' असं लिहिलं आहे. तो चढ चालून बघा. बंदरावरून ६० नंबरची बस थेट देवळाच्या दारात जाते. बसथांब्यावर एका बाईंनी खुणेने आम्हाला त्या बसमध्ये बसवलं.

त्या देवळाबद्दल एक चांगली गोष्ट लिहायला हवी. वर छतापासून दोऱ्यांनी छोट्या छोट्या बोटी टांगलेल्या आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेल्या. भिंतीभर संगमरवरी पाट्या आहेत. नवस फेडणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आई तिथे पाऊण तास बसून होती. हे शहर पाहण्यासारखं आहे, म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं.

मंगळवारी तुम्ही म्यूसेम संग्रहालय ठेवलं होतं. ते मंगळवारी बंद असतं, कायमच. शातो दीफ या जुन्या किल्ल्याच्या बेटाची तिकिटं सोमवारी दुपारची होती. वारा सुटला आणि बोट बेटाला लावता येणार नाही असं धक्क्यावर सांगितलं गेलं. वाऱ्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण मिस्ट्रल हा तिथला जोरदार वारा वाहायला लागला की त्या बोटी थांबतात, ही तिथली नेहमीची गोष्ट आहे आणि परतावा न होणारं तिकीट काढण्याआधी ती सांगायला हवी होती. जेवणाचं म्हणाल तर 'शाकाहारी उपलब्ध' म्हणून तुम्ही नाव दिलेलं हॉटेल माशांच्या रश्शासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे नानांना पावाबरोबर सॅलड मिळालं, दोन्ही वेळा. शेवटी आईनेच एका टपरीवर 'पॅनिस' शोधून काढलं. हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं. पहिला घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "अगं, ही तर आपली पाटवडी, फक्त तळलेली." मार्सेयमध्ये ते सगळीकडे मिळतं. तुमच्या अकरा पानांत त्याचा एक शब्द नाही.

हे सगळं आम्ही सोसलं असतं. सोसतच होतो. मी हे पत्र लिहिते आहे ते बुधवारच्या सकाळसाठी.

बुधवारी सकाळी नऊला तुमची गाडी येणार होती. ती पावणेदहाला आली. चालकाच्या हातातल्या कागदावर 'मार्सेय, सिमेतिएर' एवढंच होतं, म्हणजे मार्सेय, दफनभूमी. मझार्गचं नाव नाही, युद्ध दफनभूमी हा शब्द नाही, पत्ता नाही. त्याने आम्हाला साँ-पियेरला नेलं. ती शहरातली सर्वांत मोठी दफनभूमी आहे. चालकाची काहीच चूक नाही. जो कागद मिळाला तो त्याने पाळला. आत गेल्यावर आम्हाला वाटलं आलो. नाना पिशवी छातीशी धरून पुढे चालत होते. ओळीच्या ओळी कबरी, घरांएवढी थडगी, सगळी फ्रेंच नावं. एक तास आम्ही हिंदुस्थानी नाव शोधत होतो. नाना प्रत्येक दगडापाशी वाकून चष्मा पुसत आणि पुढे जात. शेवटी तिथल्या एका कामगाराला भावाने मोबाइलवर स्मारकाचा फोटो दाखवला. त्याने मान हलवून हात दक्षिणेकडे केला आणि म्हणाला, "मझार्ग, मझार्ग."

तेव्हा सव्वाअकरा झाले होते. एक वाजताची पॅरिसची गाडी तुम्हीच काढून दिलेली, सामान हॉटेलवर, तिकीट बदलता न येणारं. तुमच्या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर मी चार वेळा फोन केला. पुण्यात तेव्हा दुपार होती. एकदा उचलला गेला आणि "तपासून कळवतो" म्हणून ठेवला गेला. त्यानंतर आजपर्यंत त्या क्रमांकावरून फोन आलेला नाही.

परत येताना नानांनी जुन्या बंदरापाशी गाडी थांबवायला सांगितली. धक्क्याच्या कडेला मासे विकणाऱ्या बायका टेबलं धुवत होत्या. नाना बूट काढून दगडावर बसले, गडूत बाटलीतलं पाणी ओतलं, तीळ हातावर घेतले आणि आजोबांचं नाव घेऊन समुद्रात तिलांजली दिली. हात थरथरत होता, अर्धे तीळ वाऱ्याने उडाले. उठताना म्हणाले, "पाणी तरी पोचलं. नाव वाचायचं राहिलं."

महोदय, ही जागा शोधायला अवघड नाही. १२ फेब्रुवारी २०२५ ला आपले पंतप्रधान आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष याच मझार्गच्या स्मारकावर गेले होते. त्याच दिवशी मार्सेयमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला. मराठी वर्तमानपत्रांत फोटो आले होते. परत आल्यावर मी स्वतः एका संध्याकाळी नकाशा घेऊन बसले आणि आखणी करून पाहिली. जुन्या बंदरावरून ८३ नंबरच्या बसने समुद्राच्या कडेने बोरेली बागेपर्यंत जायचं. १९१४ साली बोटीतून उतरलेल्या हिंदुस्थानी पलटणींच्या राहुट्या याच बागेत पडल्या होत्या. तिथून मझार्ग त्याच बाजूला आहे. पणजोबांच्या फौजेच्या राहुट्यांची बाग आणि त्यांचं नाव कोरलेलं स्मारक एका सकाळीत झालं असतं आणि मंगळवारी, मोकळ्या दिवशी झालं असतं. मला हे एका संध्याकाळी जमलं. तुम्ही त्याचेच १८,००० रुपये घेतले होते.

कार्यालयात मला सांगण्यात आलं की 'स्थानिक परिस्थितीमुळे कार्यक्रमात बदल होऊ शकतो' हे कलम आमच्या सहीने मान्य आहे. कलम मी वाचलं आहे. वारा ही स्थानिक परिस्थिती. चालकाच्या कागदावर पत्ता न लिहिणं ही तुमच्या कार्यालयातली चूक आहे आणि कायद्याच्या भाषेत तिला सेवेतील त्रुटी म्हणतात.

माझी मागणी अशी आहे. आखणीचं पूर्ण शुल्क १८,००० रुपये, बुधवारच्या गाडीचं भाडं आणि शातो दीफच्या चार तिकिटांची रक्कम परत करावी. माझ्या ई-मेलमधलं मझार्गचं नाव चालकाच्या कागदापर्यंत का पोहोचलं नाही, ते कुणाच्या टेबलावर गळलं, याचा लेखी खुलासा द्यावा. नानांच्या नावे दिलगिरीचं पत्र द्यावं, मराठीत, कारण ते स्वतः वाचणार आहेत. आणि हा आराखडा दुसऱ्या कुणाला देण्याआधी दुरुस्त करावा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा तो दगड आहे. आमच्यासारखं आणखी कुणी तुमच्याकडे येईल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे. या कायद्यामुळे मी राहते त्याच जिल्ह्यात ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ई-मेलच्या प्रती, पावत्या, तुमचा आराखडा आणि चालकाकडच्या कागदाचा फोटो सोबत जोडला आहे.

नानांचं पारपत्र आणखी चार वर्षं चालेल. आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत, आमची आम्हीच आखणी करून. परताव्याची रक्कम त्या तिकिटांना लागेल, तेव्हा कूपन न देता ती बँक खात्यातच जमा करावी.

कळावे,

आपली ग्राहक